रानपारव्यांचे साठ हिवाळे

26 डिसेंबर 1962 ला दक्षिण इंग्लंडमध्ये बर्फ पडायला लागला आणि मार्च उजाडेपर्यंत कित्येक शेतं त्याखालीच राहिली. 1740 नंतर इतका थंड हिवाळा त्या देशाने पाहिला नव्हता. रानपारव्यांचा तर त्याने फडशा पाडला. क्लोव्हरचं हिरवं कुरण हे त्यांचं हिवाळ्यातलं मुख्य अन्न, आणि तेच हातभर बर्फाखाली गाडलं गेलेलं. मग कोबीवर्गातल्या भाज्यांची जी शेतं बर्फातून डोकं वर काढून होती, तिथे भुकेले थवे उतरत. बंदुकीचा बार झाला तरी पुन्हा तिथेच येत.

आपल्या वाड्यांच्या वळचणीला घुमणाऱ्या पारव्याचाच हा थोराड भाऊबंद. वजन अर्धा किलोच्या घरात, मानेवर आणि पंखांवर पांढरे पट्टे. ब्रिटनमध्ये आज त्याच्या 50 लाखांहून अधिक जोड्या आहेत. आपल्याकडे ज्वारीच्या राखणीला माळ्यावरून गोफण फिरते, तिथे शेतकरी छर्ऱ्याची बंदूक घेतलेल्या माणसाला बोलावतो.

अशा माणसांमध्ये हॅम्पशायरच्या मेजर आर्ची कोट्सचं नाव आदराने घेतलं जातं. रानपारवे मारून विकणं हाच त्यांचा चरितार्थ होता आणि 1963 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. बंदूक उचलण्याआधी दुर्बीण घेऊन शेतं हिंडायची, पक्षी कुठल्या वाटेने येतात, कुठे चरतात ते पाहायचं, यावर त्यांचा भर होता. आणि ती वाट ठरवतो वारा. वारा नसला की पक्षी उंचावरून जातात, लपणीतली जराशी हालचालही टिपतात आणि बार झाला की दुसऱ्या शेताकडे वळतात. चांगला वारा सुटला की ते खाली येतात, कुंपणांच्या आडोशाने उडतात. उतरताना वाऱ्याकडे तोंड करावंच लागतं, म्हणून वेग मंदावतो. थव्याला भुलवायला शेतात ठेवलेले आमिषाचे पक्षीही वाऱ्याकडे तोंड करूनच मांडायचे आणि मध्ये उतरायला मोकळी जागा ठेवायची. धुकं असेल तर बंदूक घरीच बरी, कारण पक्षी झाडावरून हलतच नाहीत. पावसाने आमिषाचे पक्षी भिजतात, उन्हात प्लास्टिकचे असतील तर चकाकतात. दोन्ही वेळा थवा बिचकतो. फेब्रुवारीत, फेजंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सरल्यावर, रातथाऱ्याच्या रानात संध्याकाळी उभं राहायचं, तेव्हाही सोसाट्याचा वारा लागतो. शांत संध्याकाळी थवे उंचावर घिरट्या घालून निघून जातात.

पण ही झाली एका दिवसाची गोष्ट. एकूण पारवे किती, हे कोण ठरवतं? त्या काळी सरकार निम्म्या किमतीत काडतुसं देत होतं, म्हणजे बंदुकीने संख्या आटोक्यात येईल अशी समजूत होती. कृषी मंत्रालयाचे जीवशास्त्रज्ञ रॉन मर्टन यांनी केंब्रिजशायरमधल्या कार्लटन गावात वर्षानुवर्षं पक्षी आणि क्लोव्हर दोन्ही मोजलं. हिवाळ्यात जेवढं क्लोव्हर उरतं तेवढेच पारवे जगतात, असं त्यांना आढळलं. बंदुकीने मेलेले बहुतेक एरवीही उपासमारीने मेले असते, आणि त्यांच्या वाट्याचं अन्न इतरांना मिळालं. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. हजारो काडतुसांचं काम थंडी आधीच करत होती.

पुढे थंडीची ही सत्ताच गेली. आधी क्लोव्हरची कुरणं मोडून धान्य पेरलं गेलं, तेव्हा पारवे कमी झाले. 1973 मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेलं, अनुदान आलं आणि रेपसीड हे मोहरीच्या कुळातलं तेलपीक झपाट्याने पसरलं. ते शरद ऋतूत पेरतात, त्यामुळे सबंध हिवाळाभर शेतात हिरवी पानं असतात. पारव्यांची संख्या पुन्हा चढत गेली. 1910 पासूनच्या राष्ट्रीय नोंदींमधला सर्वांत थंड डिसेंबर 2010 चा; पण त्या डिसेंबरातही 1963 सारखी धूळधाण झाली नाही. बर्फाने आता एवढंच केलं, की विखुरलेले थवे रेपसीडच्या शेतांवर एकवटले आणि बंदूकवाल्यांना ते कुठे सापडतील हे कळलं.

उन्हाळ्याचं गणित निराळं. वळवासारखा झोडपणारा पाऊस झाला की उभा गहू, बार्ली लोळते आणि लोळलेल्या पिकावर पारवे हमखास उतरतात. उलट कोरड्या वर्षी कापणी लवकर उरकते, धसकटांत सांडलेले दाणे सगळीकडेच असतात आणि थवे पांगतात. 19 जुलै 2022 ला लिंकनशायरमध्ये कॉनिंग्जबी इथे पारा 40.3 अंशांवर गेला, ते असंच वर्ष होतं.

शरदातल्या कोरडेपणाने रेपसीडलाही घेरलंय. ओल नसली की रोप हळू वाढतं आणि भुंगेरा कोवळी पानं फस्त करतो. त्यावरचं निओनिकोटिनॉइड कीटकनाशकही 2013 च्या निर्बंधांमुळे गेलं. 2012 मध्ये साडेसात लाख हेक्टरच्या आसपास असलेलं हे पीक 2021 मध्ये सुमारे तीन लाखांवर आलं. पारवे मात्र तेवढेच आहेत. म्हणून जो शेतकरी आजही रेपसीड पेरतो, त्याच्या एकट्याच्या शेतावर गोठलेल्या सकाळी सगळ्या परिसरातले थवे येऊन बसतात.