सर्टिफिकेट आहे, डिग्रीचं काय?

कम्प्युटरच्या परीक्षा पास होऊन नोकरी लागते. पण तेच कागद घेऊन युनिव्हर्सिटीच्या दारात गेलं, तर? हिंजवडीतल्या एका 'ए लेव्हल'वालीची ही शोधाशोध...

महाराष्ट्रातल्या सरकारी भरतीची कुठलीही जाहिरात काढा. शेवटी शेवटी, बारीक अक्षरांत एक अट हमखास सापडणार. एमएस-सीआयटी, नाहीतर डीओईएसीसी सोसायटीची सीसीसी किंवा ओ, ए, बी, सी यांपैकी एखादी परीक्षा पास हवी. एमएस-सीआयटी आपल्यातल्या निम्म्यांनी दहावीच्या सुट्टीत उरकलेली असते. पण ही ओ-ए-बी-सी काय भानगड आहे, असं विचारलं की भले भले खांदे उडवतात. मी त्यातली पहिली दोन अक्षरं पास आहे, म्हणून सांगते.

१९९०मध्ये तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं आणि एआयसीटीईनं मिळून ही योजना काढली. गल्लोगल्ली कम्प्युटर क्लास निघत होते आणि कोण काय शिकवतंय याला धरबंध नव्हता. तेव्हा शिकवायचं क्लासनं, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा देशभर एकच, असं ठरलं. ओ म्हणजे पाया, ए म्हणजे ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, बी एमसीएच्या तोडीचा आणि सी एम.टेक.च्या तोडीचा. २०११मध्ये संस्थेचं नाव नाइलिट झालं. जाहिरातींत मात्र जुनंच नाव चिकटून राहिलं.

बारावी झाल्यावर आमच्या घरी पैशांची गरज होती. तीन वर्षं कॉलेजात काढणं परवडणारं नव्हतं. संध्याकाळच्या बॅचला बसून मी ओ केली, डेटा एंट्रीची नोकरी धरली, मग नोकरी सांभाळत ए केली. त्या जोरावर टेस्टिंगमध्ये शिरले आणि टिकले. तक्रार काहीच नाही. फक्त दरवर्षी अप्रेझलच्या वेळी एचआरचा फॉर्म उघडतो. त्यात 'हायेस्ट क्वालिफिकेशन'चा एक ड्रॉपडाऊन असतो. बारावी आहे, ग्रॅज्युएट आहे, पोस्ट-ग्रॅज्युएट आहे. ए लेव्हल नाही. मी 'अदर' निवडते. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं 'ग्रॅज्युएट' निवडतात आणि पुढच्या ग्रेडच्या यादीत त्यांची नावं आधी लागतात. म्हटलं, आता डिग्री करूच. तीही माझ्याच विषयातली.

'तोडीचा' म्हणजे काय रे भाऊ?

मला वाटलं होतं, ए झालीय, तर थेट एमसीएला अर्ज करावा. एका कॉलेजच्या ॲडमिशन टेबलावर फाइल ठेवली. समोरचे काका अगदी सज्जन. सगळे कागद उलटून पाहिले.

"ताई, हे छान आहे. ग्रॅज्युएशनची मार्कशीट?"

"नाही हो. बारावीनंतर ओ, मग ए."

"मग एमसीएला नाही बसत. आधी पदवी लागते. शिवाय बारावीला नाहीतर पदवीला गणित."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. सगळी गोम आहे ती 'मान्यता' या शब्दात. सरकारी नोकरीसाठी मान्यता असणं ही एक गोष्ट आणि प्रवेशासाठी मान्यता असणं ही दुसरी. जाहिरातीतली अट नोकरी देणाऱ्यानं घातलेली असते. प्रवेशाची अट ठरते ती विद्यापीठाच्या आणि त्या कोर्सच्या नियमानं. 'एमसीएच्या तोडीचा' असं माहितीपत्रकावर छापलेलं असलं, तरी समोरच्या विद्यापीठानं ते मानलं तरच त्याचा उपयोग. क्लासवाले फी घेताना हा बारकावा काही उलगडून सांगत नाहीत, हे वेगळं सांगायला नको!

कंपन्यांच्या सर्टिफिकेटांचं तर आणखी निराळं. एकेकाळी एमसीएसई म्हणजे कॉलर ताठ करण्याची गोष्ट होती. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२१मध्ये ती बंदच करून टाकली. सिस्कोची सीसीएनए तीन वर्षंच चालते, पुढं पुन्हा नूतनीकरण. दुधाच्या पिशवीसारखी तारीख असते त्यांच्यावर. डिग्रीला तारीख नसते, म्हणून विद्यापीठं या कागदांकडे जरा संशयानंच बघतात. राउटर कसा लावायचा हे सर्टिफिकेट विचारतं, तो तसाच का चालतो हे डिग्री विचारते, असं म्हणतात. माझ्या मते यातलं अर्धंच खरं. ए लेव्हलला मी शिकले तो स्टॅक आणि बीसीएवाल्यांचा स्टॅक काही वेगळा नाही हो.

दारं कुठं उघडी आहेत?

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा असेल तर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण दिवसभराची नोकरी सोडून कोण जाणार? सी-डॅकच्या पीजी डिप्लोमाचं नाव मोठं, पण तिथं उलटंच गणित, डिग्री आधी लागते.

मला सापडलेला रस्ता आयआयटी मद्रासचा. २०२०मध्ये त्यांनी डेटा सायन्स आणि प्रोग्रामिंगची ऑनलाइन पदवी जाहीर केली. जेईई लागत नाही. बारावी पास हवी, दहावीला गणित आणि इंग्रजी हवं. माझी ए लेव्हल तिथंही थेट मोजली जात नाही, सगळ्यांसारखी क्वालिफायरचीच रांग. चार आठवडे व्हिडिओ, दर आठवड्याला असाइनमेंट, त्यात पुरेसे मार्क पडले तरच परीक्षेला बसू देतात. विषय चार : गणित, स्टॅटिस्टिक्स, कम्प्युटेशनल थिंकिंग, इंग्रजी.

मला आवडली ती याची रचना. ३२ क्रेडिट झाले की फाउंडेशनचं सर्टिफिकेट. पुढं प्रोग्रामिंग आणि डेटा सायन्सचे दोन डिप्लोमा. ११४ क्रेडिटला बीएस्सी, १४२ला चार वर्षांची बीएस. मध्ये कुठंही थांबलात तरी हातात काहीतरी उरतं. ओ-ए-बी-सीमागची कल्पना तरी दुसरी काय होती? फक्त इथं प्रत्येक पायरी पुढच्या पायरीत मोजली जाते आणि सगळी शिडी एकाच संस्थेची आहे.

सोपं मात्र नाही. वर्षाला तीन टर्म, क्विझ आणि शेवटची परीक्षा सेंटरवर जाऊन. घरून उत्तरं लिहायची सोय नाही. रिलीज असलेल्या आठवड्यात असाइनमेंटची मुदत आली की डोळ्यांपुढं काजवे चमकतात. पण कम्प्युटेशनल थिंकिंग मला हातचा मळ वाटला. त्यात विद्यार्थ्यांच्या मार्कांची कार्डं घेऊन एकेक मोजणी समजावतात, आणि लूप काय ते मला आधीच ठाऊक होतं. ओ-एचा उपयोग झाला तो असा. घाम फोडला तो स्टॅटिस्टिक्सनं.

अलीकडे वाराही बदलतोय. २०२१पासून यूजीसीच्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम'वरून घेता येतात, पण तुमच्या विद्यापीठानं ते स्वीकारले तर. २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात कौशल्याचं शिक्षण आणि कामाचा अनुभवही क्रेडिटमध्ये मोजण्याची सोय केलीय. १२०० तासांचा अभ्यास म्हणजे ४० क्रेडिट. आणि २०२४मध्ये खुद्द नाइलिटलाच अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुख्य कॅम्पस पंजाबात रोपडला, घटक केंद्रांत आपलं छत्रपती संभाजीनगरही आहे. परीक्षा घेणारी संस्था स्वतःच पदवी देणार म्हटल्यावर जुन्या ओ-एवाल्यांनी तिथं विचारून बघायला हरकत नाही.

विचारायचं ते मात्र पदवी देणाऱ्या विद्यापीठाला, आणि लेखी. फोनवर 'होईल की' म्हणणाऱ्याचं नाव नंतर सापडत नाही. मी ईमेलमध्ये तीनच प्रश्न टाकत होते : माझ्या कागदावर या कोर्सला प्रवेश मिळतो का? क्रेडिट किती धरता? हे कुठल्या नियमात लिहिलंय? सहा ठिकाणी पाठवला. चार ठिकाणांहून उत्तर आलं, तीन 'नाही', एक 'समितीपुढं ठेवू'. त्या समितीची वाट बघत बसण्यापेक्षा क्वालिफायर दिलेली बरी, असं ठरवलं.

आता फाउंडेशनचे आठपैकी सहा विषय सुटलेत. मॅथ्स-टू आणि स्टॅट्स-टू राहिलेत. रविवारच्या क्विझला सेंटर पुण्यातच आलंय, आणि टीम-लीडनं त्या वीकेंडचं डिप्लॉयमेंट स्वतःकडे घेतलंय.