रात्री लेन्स, दिवसा चष्म्याला सुट्टी

रात्री झोपताना डोळ्यांत लेन्स घालायच्या, सकाळी काढून ठेवायच्या आणि दिवसभर चष्म्याविना स्पष्ट पाहायचे, हे ऐकायला जादूसारखे वाटते. 'ऑर्थोकेरॅटॉलॉजी' ऊर्फ 'ऑर्थो-के' नावाच्या या उपचाराला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये रात्रीच्या वापरासाठी मान्यता दिली. भारतातील मोठ्या शहरांतही तो उपलब्ध आहे. मात्र ही जादू पहिल्याच सकाळी पूर्ण होत नाही.

मायनस नंबर असलेल्या डोळ्यात प्रकाशकिरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात. ऑर्थो-केची कडक, पण प्राणवायू आरपार जाऊ देणारी लेन्स बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, मध्यभाग रात्रभरात किंचित सपाट करते. हा बदल मिलिमीटरच्या काही सहस्रांशांचा, तोही मुख्यतः वरच्या पेशींच्या थरातला. साहजिकच लेन्स थांबविल्या की काही दिवसांत ते काही आठवड्यांत जुना नंबर परततो. नंबर कायमचा घालविण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर तेथून उठून आलेले बरे.

पहिल्या रात्री डोळ्यात काहीतरी गेल्यासारखे खुपते. डोळे मिटल्यावर हा त्रास बराच कमी होतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच तपासणी करून घ्यावी लागते. त्या दिवशी दृष्टी सुधारलेली जाणवते, पण दुपारनंतर पुन्हा धूसर होऊ लागते. अडचण अशी, की जुना चष्मा आता जास्त नंबरचा ठरतो. म्हणून या दिवसांपुरत्या कमी नंबरच्या मऊ लेन्स दिल्या जातात. दृष्टी स्थिरावायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, मोठ्या नंबरला त्याहून अधिक. या काळात रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. समोरून येणाऱ्या वाहनाचा झोत अंगावर आला की ती अधिकच जाणवतात, तेव्हा दुचाकी शक्यतो दुसऱ्याच्या हाती द्यावी. झोपही पुरेशी हवी. परीक्षेच्या दिवसांत चारच तास झोपणाऱ्याला फळ्यावरचे धूसर दिसले, तर दोष लेन्सचा नव्हे.

सकाळी लेन्स बुबुळाला चिकटलेली आढळते, तेव्हा घाबरून ती ओढू नये. डॉक्टरांनी दिलेले ओलावा देणारे थेंब घालून काही मिनिटे थांबावे आणि लेन्स सरकू लागल्यावरच काढावी.

खरा धोका आहे तो पाण्याचा. नळाच्या पाण्यात अकांथअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याच्या संसर्गाने बुबुळावर जखम होऊन दृष्टी कायमची अधू होऊ शकते. आपल्याकडे फिल्टरचे पाणी निर्धास्तपणे वापरले जाते, परंतु लेन्स किंवा तिची डबी धुण्यासाठी तेही चालत नाही. त्यासाठी लेन्सचे द्रावणच हवे. हात साबणाने धुऊन कोरडे करूनच लेन्सला लावावेत.

मुलांमध्ये या लेन्समुळे नंबर वाढण्याचा वेग मंदावतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. त्यामुळे पालकांचा ओढा वाढतो आहे. पण दहा वर्षांच्या मुलाची लेन्स रोज रात्री घालणे, काढणे आणि स्वच्छ करणे हे काम बहुधा आई-वडिलांच्याच वाट्याला येते. डोळा लाल झाला, दुखू लागला वा उजेड सहन होईनासा झाला, तर त्या रात्री लेन्स घालू नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. सोबत लेन्स आणि डबी दोन्ही न्यावी. संसर्ग कशाचा, हे शोधायला त्यांचा उपयोग होतो.