सरव्यावर दशमांश नाही

आमच्या घरात डालडाचा एक रिकामा डबा होता. वडिलांनी छिन्नीने त्याच्या झाकणाला चीर पाडली होती. आठवड्याची मजुरी हाती आली की तिचा दहावा भाग आधी त्या चिरेतून आत जाई आणि मग आई पिशवी घेऊन वाण्याकडे जाई. वाण्याची उधारी बहुतेक वेळा तिच्या हातातल्या रकमेपेक्षा मोठी असे. आई एकदा म्हणालेली मला आठवते, "आधी वाण्याचं द्या. देव थांबंल, वाणी थांबायचा नाही." वडील काही बोलले नाहीत. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि डबा फळीवर ठेवला.

पिंपरी पेंढारमध्ये आमच्यासारखी ख्रिस्ती घरे थोडी. महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेरगावचे पाळकसाहेब येत, कुणाच्या तरी ओसरीवर उपासना होई आणि डबा त्यांच्यापुढे रिकामा केला जाई. वडिलांची ती वही आज माझ्याजवळ आहे. शिक्षकाच्या नोकरीतून मोकळा झाल्यावर मी तिच्यातल्या आकड्यांच्या मागे लागलो. मला एकच गोष्ट समजून घ्यायची होती. ज्याच्या घरात महिनाअखेरीस पीठ पुरत नाही, त्याच्याकडे दहावा भाग मागितला गेला होता का, आणि मागितला असेल तर कुणी मागितला होता?

जुन्नरच्या माणसाला दहावा हिस्सा नवा वाटू नये. शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेल्या प्रत्येकाने शाळेत चौथाई आणि सरदेशमुखी पाठ केलेली असते. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. बायबलातही दहाव्या हिश्शाला ही राजकारणी बाजू आहे. इस्राएल लोक शमुवेलाकडे राजा मागतात, तेव्हा तो त्यांना बजावतो, की हा राजा तुमच्या धान्याचा आणि द्राक्षमळ्यांचा दहावा भाग घेऊन आपल्या चाकरांना देईल. पुढे युरोपात राजसत्ता आणि धर्मसत्ता यांनी मिळून हा हिस्सा वसूल केला. शार्लमेनने इसवी सन ७७९ मध्ये तो सक्तीचा केला. फ्रान्समध्ये तो १७८९ च्या क्रांतीत गेला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी पैशात तो ठरवून दिला गेला. म्हणजे सक्तीच्या दशमांशाविरुद्ध त्यांच्याच देशांतले शेतकरी कुरकुरत होते, त्या शतकात आपल्याकडे मिशनरी आले. त्यांनी इथे कर आणला नाही, ऐच्छिक दानाची शिकवण आणली. हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

आता मूळ नियमाकडे येतो. दशमांशावर प्रवचने पुष्कळ होतात, पण तो कशाचा आणि कुणासाठी होता हे क्वचितच सांगितले जाते. लेवीय, गणना आणि अनुवाद या तीन ग्रंथांत मिळून जे दिसते ते असे : दहावा भाग शेताच्या उत्पन्नाचा आणि गुराढोरांचा होता. तो लेवींना जाई, आणि याचे कारण गणनेच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट दिले आहे. बाकीच्या वंशांना जमिनीचे वतन मिळाले, लेवींना मिळाले नाही. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात आणखी एक तरतूद आहे. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा आणि त्यावर लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवायचे.

थोडक्यात, जमीनवाल्याने बिनजमीनवाल्याला दिलेला तो हिस्सा होता. मजुरीचा दहावा भाग काढण्याचा नियम त्या तीन ग्रंथांत नाही. मजुराबद्दल नियम आहे तो वेगळाच. त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी त्याच्या हातात पडली पाहिजे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला असतो.

याहून मोठा शोध मला लागला तो 'सरवा' या शब्दापाशी. आमच्याकडे भुईमूग उपटून नेला, बाजरीची कापणी झाली, की मागे राहिलेल्या शेंगा आणि कणसे वेचायला बाया-पोरे शिरतात. तो सरवा. मराठी बायबलात रूथ बवाजाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून जे वेचते, त्यालाही सरवा हाच शब्द आहे. भाषांतरकारांनी तो आपल्या शिवारातून उचलला. शेताचे कोपरे न कापता सोडावेत, पडलेले वेचू नये, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावे, असा मोशेचा नियम. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथात यावर पुढचे कलम आहे : सरवा, शेतात विसरलेली पेंढी आणि न कापलेला कोपरा यांवर दशमांश लागत नाही. गरिबाने वेचून आणलेल्या धान्यातून दहावा भाग काढायचा नसतो. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. आईने आयुष्यभर सरवा वेचला होता, आणि त्या शेंगा विकून आलेल्या पैशांतलेही दहा टक्के डब्यात गेले होते. वहीत तशी नोंद आहे.

आमच्या भागातल्या ख्रिस्ती समाजाची घडण लक्षात घेतल्याशिवाय या गोष्टीचे वजन कळत नाही. चर्च मिशनरी सोसायटीचे जुन्नरला ठाणे होते. पलीकडे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये काम सुरू केले. नगरच्या बाजूला खेड्यापाड्यांतून ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले होते. त्यांचे पोट बलुत्यावर चाले. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'त या व्यवस्थेचे बारकावे वाचायला मिळतात. सुगीला खळ्यावर जायचे, हात पुढे करायचा आणि कुणबी देईल ते घ्यायचे. धर्म बदलला की हे बलुते राहणार की जाणार, यावरून गावोगाव तंटे झाले. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. त्याआधी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले होते. बलुते गेले आणि सवलत मिळाली नाही, अशा फटीत आमची घरे सापडली. बायबलातल्या हिशेबाने पाहिले तर ही घरे दशमांश घेणाऱ्यांच्या रांगेतली होती. लेवी, परका, अनाथ, विधवा यांच्या शेजारी त्यांची जागा. मंडळीत मात्र त्यांना देणाऱ्यांच्या रांगेत उभे केले गेले.

असे का झाले, याला कारण आहे आणि ते सरसकट वाईट नाही. अमेरिकन मिशनच्या बोस्टन येथील मुख्य मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात पाहणीला आले. देशी मंडळ्यांनी स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि प्रसारही स्वतः करावा, हा त्यांचा आग्रह होता. चर्च मिशनरी सोसायटीत हेन्री व्हेन हेच मांडत होते. परदेशी पैशावर चालणारी मंडळी कायम परदेशी साहेबाच्या हाताखाली राहते, हे दोघांना कळले होते. आपल्या नारायण वामन टिळकांनाही ते कळले होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. (लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तला संसार वाचला की असल्या निर्णयांची किंमत घरात कोण मोजते तेही कळते.) दशमांश हा या स्वावलंबनाचा पाया मानला गेला. अडचण एवढीच होती, की स्वावलंबनाचा भार ज्यांच्या खांद्यावर आला त्यांच्यापाशी जमीन नव्हती.

तरीही वडील फसले होते, असे मी म्हणणार नाही. मी तरुणपणी तसे म्हटले होते आणि त्यांनी मला गप्प केले होते. "तुझ्या आज्यानं जन्मभर ओंजळ पुढं केली," ते म्हणाले. "डब्यात टाकताना हात वर असतो. ते तुला नाही कळायचं." कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघर मूठमूठ धान्य काढणाऱ्या बायकांनाही हेच वाटले असेल. मिझोरामच्या मंडळ्यांत बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. गरिबाचे देणे हा केवळ अर्थशास्त्राचा विषय नाही, हे मला मान्य आहे. मूठ मात्र भांड्यात असेल त्याप्रमाणे लहानमोठी होते, दहा टक्के तसे होत नाहीत. पौलाने करिंथच्या मंडळीला वर्गणीबद्दल लिहिताना दहाव्या भागाचा उल्लेखही केलेला नाही. जवळ असेल त्या मानाने द्यावे, नसेल त्या मानाने नव्हे, एवढेच तो सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात माझे वय नऊ वर्षांचे. वडील आणि आई दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. सुकडी आणि मिलो यांवर दिवस निघत होते. त्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीला हगवण लागली. डॉक्टरांचे आणि गाडीभाड्याचे पैसे कुठून आणायचे? वडिलांनी डबा उलटा केला. त्यातून अकरा रुपये निघाले. बहीण वाचली. पुढच्या उपासनेला डबा जवळजवळ रिकामा पाहून त्या वेळच्या पाळकांनी सर्वांदेखत मलाखीचा तिसरा अध्याय उघडला आणि दशमांश ठेवून घेणारा देवाला ठकवतो, हे वाचून दाखवले. वडील मान खाली घालून बसले होते. त्यानंतर कित्येक महिने ते उपासनेत मागच्या बाजूला, दाराशी बसत.

मलाखीचा तोच अध्याय मी आता पुन्हा पुन्हा वाचतो. दशमांशाची तक्रार आठव्या वचनापासून सुरू होते. त्याआधी, पाचव्या वचनात, देव कुणाविरुद्ध साक्ष द्यायला येणार आहे त्यांची यादी आहे, आणि तिच्यात मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा-अनाथांवर जुलूम करणारे आणि परक्याचा न्याय डावलणारे आहेत. दशमांश भांडारात आणा असे जे सांगितले, ते भांडार याच लोकांच्या अन्नासाठीही होते. मार्कच्या बाराव्या अध्यायातली विधवेची दोन नाणी सर्वांना ठाऊक असतात. तिच्या लगेच आधी विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने ओढलेला कोरडा कमी जणांच्या लक्षात राहतो. सातव्या अध्यायात तर, आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे असे सांगून हात वर करणाऱ्यांना त्याने स्पष्ट दोषी ठरवले आहे. आजारी लेकरासाठी उघडलेला डबा यांतल्या कुठल्या बाजूला बसतो, हे ठरवायला मोठे धर्मशास्त्र लागत नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. माझा पुतण्या खंडाने जमीन घेऊन टोमॅटो करतो आणि नारायणगावच्या बाजारात नेतो. गेल्या वर्षी त्याने मला विचारले, "काका, दशमांश पट्टीवरच्या रकमेचा काढायचा का उरलेल्याचा?" आम्ही कागदावर मांडून पाहिले. समजा, पट्टीचे १,५०,००० रुपये आले आणि रोपे, खते, औषधे, बांबू-तार, मजुरी, गाडीभाडे, खंड यांवर १,३०,००० गेले. पट्टीचा दहावा भाग १५,००० होतो, उरलेल्याचा २,०००. पहिला हिशेब धरला तर वर्षभराच्या राबण्याचे त्याच्या हातात ५,००० राहतात आणि पतसंस्थेचा हप्ता तसाच राहतो. त्याला कुणीतरी सांगितले होते, की पूर्ण दिलेस तर पुढच्या वर्षी दुप्पट येईल. टोमॅटोचा भाव असा ठरत असता तर नारायणगावात गरीब कुणी उरला नसता. मी त्याला म्हटले, आधी मजुरांची मजुरी दे, मग हप्ता भर, आणि उरेल त्यातून मनाला पटेल ते दे. त्याने तसे केले की नाही, मी विचारलेले नाही.

वडिलांनी मात्र ते अकरा रुपये देणेच मानले. लेवीयच्या सत्ताविसाव्या अध्यायात एक बारीक नियम आहे : दशमांशातले काही कुणाला सोडवून घ्यायचे असेल, तर त्याने किमतीवर पाचवा हिस्सा जास्त भरावा. हा नियम त्यांना कुणी सांगितला, कुणास ठाऊक. वहीत १९७२ च्या पानावर 'देवाकडून उसने ११ रु.' अशी ओळ आहे. १९७५ च्या पानावर, कांद्याच्या सुगीनंतर, '१३ रु. २० पै. भरले, उसने फिटले' असे लिहून खाली सही केली आहे. सहीशेजारी आईचा अंगठा आहे. साक्षीदार म्हणून घेतला असावा.