बहुपदी फलनांचे आलेखन

ज्या फलनात क्ष या चलाचे केवळ शून्य वा धन पूर्णांक घात स्थिर सहगुणकांनी गुणून एकत्र मिळविलेले असतात, त्यास बहुपदी फलन म्हणतात. त्याचा आलेख सर्वत्र अखंड असून त्यास कोठेही टोकदार कोपरा नसतो.

काही बिंदू काढून ते जोडण्याची रीत फसवी ठरू शकते. उदा., य = २५क्ष² − २५क्ष + ६ या फलनाची क्ष = −१, ०, १, २ येथील मूल्ये अनुक्रमे ५६, ६, ६, ५६ येतात. यांवरून आलेख क्ष-अक्षास छेदत नाही असे वाटते. वस्तुतः तो ०·४ व ०·६ येथे अक्षास छेदतो. संगणकही सामान्यतः ठराविक अंतरावरील बिंदूच जोडत असल्याने तेथेही असा दोष संभवतो. म्हणून फलनाच्या रचनेवरून वक्राचे स्वरूप आधी ठरवितात.

क्षचे संख्यात्मक मूल्य फार मोठे असता सर्वोच्च घाताचे पद इतर पदांपेक्षा प्रभावी ठरते. हा घात सम असल्यास वक्राच्या दोन्ही शाखा एकाच दिशेने (वर वा खाली) जातात, विषम असल्यास परस्परविरुद्ध दिशांनी जातात. एखादे मूळ विषम वेळा आवृत्त असल्यास वक्र तेथे अक्ष ओलांडतो. सम वेळा असल्यास अक्षास केवळ स्पर्श करून परततो. न घाताच्या बहुपदीस जास्तीत जास्त न वास्तव मुळे व न − १ वळणबिंदू असतात.

उदाहरणार्थ, य = क्ष³ − ३क्ष + २ या फलनाचे अवयव (क्ष − १)² (क्ष + २) असे पडतात. म्हणून वक्र −२ येथे अक्ष ओलांडतो व १ येथे त्यास स्पर्श करतो. य-अक्षास तो २ येथे छेदतो. पहिला अवकलज ३क्ष² − ३ हा क्ष = ±१ असता शून्य होतो; त्यानुसार (−१, ४) हा स्थानिक महत्तम व (१, ०) हा स्थानिक लघुतम बिंदू होय. दुसरा अवकलज ६क्ष हा क्ष = ० येथे चिन्ह बदलतो; म्हणून (०, २) येथे वक्राची वक्रता उलटते. या चार बिंदूंतून, डावीकडे खालून येऊन उजवीकडे वर जाणारा वक्र सहज रेखाटता येतो.

अशा आलेखावरून समीकरणांचाही विचार करता येतो. वरील वक्रास य = क ही आडवी रेषा, क चे मूल्य ० व ४ यांच्या दरम्यान असतानाच, तीन बिंदूंत छेदते; म्हणजे क्ष³ − ३क्ष + २ = क या समीकरणास तेव्हाच तीन भिन्न वास्तव मुळे असतात. समीकरण न सोडविताच हा निष्कर्ष मिळतो.