घराची डागडुजी : भेग कोणती, हात कोणाचा?

सुटीच्या दिवशी स्वतः थापी हाती घेतली, तर पैसा वाचतो आणि समाधानही लाभते. परंतु जबलपूरकरांनी २२ मे १९९७ ची पहाट विसरू नये. पहाटे झालेल्या त्या भूकंपात असंख्य घरांना तडे गेले. तीसहून अधिक माणसे दगावली.

गिलाव्यातील बारीक भेग घरीच बुजविता येते. ती किंचित रुंद करून धूळ झाडावी, पाणी शिंपडावे, एक भाग सिमेंट व तीन भाग बारीक वाळू यांचा माल दाबून भरावा आणि सात दिवस ओला ठेवावा. (येथील उन्हाळ्यात हेच काम बहुधा टळते!)

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग मात्र निराळी. तिच्यावर काचेची पट्टी आडवी बसवून, दोन्ही टोके पक्की चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तडकली, तर भिंत अजून हलत आहे असे समजून अभियंत्यास बोलवावे. चुना फासून ती झाकणे म्हणजे घरच्यांनाच फसविणे होय.

खोली ऐसपैस करण्यासाठी मधली भिंत पाडण्याचा मोहही अनेकांस होतो. जुन्या विटांच्या घरांत छताचा भार पुष्कळदा तिच्यावरच असतो. तेथे घण आपण उचलू नये.