बटाट्याच्या फोडीवरील जलरोधक थर : सूक्ष्मदर्शकीय निरीक्षण

आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार हा खरीप बटाट्याचा प्रदेश होय. लागवडीसाठी बेणे कापले की उघड्या पेशींतून पाणी जाते व कूज शिरते. त्यावर सुबेरिनचा थर चढवून कंद स्वतःच जखम बुजवितो. हा थर पाहण्यासाठी पातळ छेद अतिनील प्रकाशाखाली ठेवतात; पेशीभित्तिका निळसर चमकतात. परंतु ही चमक सुबेरिनमधील फिनॉलयुक्त घटकाची असते व तो आधी साचतो. पाणी अडविणारा मेदयुक्त घटक आणि मेणे नंतर येतात. म्हणून दुसरा छेद सूदान-३ ने रंगवावा. पदवीच्या प्रयोगशाळेत ते बहुधा असतेच. फोडीच्या कापावर अखंड नारिंगी-तांबडी रेषा दिसण्यापूर्वी ओल्या जमिनीत लागवड करणे घाईचे वाटते.