बावीस सेंटची पिशवी

डब्लिन : अंबरनाथ-बदलापूरकडच्या मंडळींचा एक समज अगदी पक्का आहे. ‘तिकडे’ म्हणे प्लास्टिक दिसतच नाही. दिसतं हो! इथल्या सुपरमार्केटात एकेक काकडी प्लास्टिकचं सोवळं नेसून बसलेली असते. वेष्टणांच्या प्लास्टिक कचऱ्यात आयर्लंड माणशी हिशेबाने युरोपात वरच्या नंबरात आहे. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला घालणाऱ्या आपल्या आज्यांनी यांची चांगली शिकवणी घेतली असती.

गल्ल्यावरची पिशवी मात्र जवळजवळ गेली, तीही बंदी न घालता. ४ मार्च २००२ पासून पिशवीमागे १५ सेंट कर लागला, २००७ मध्ये तो २२ सेंट झाला. माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या लागायच्या, त्या २१ वर आल्या. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ‘राहू द्या, मी भरतो’ असं दुकानदाराला म्हणताच येत नाही. कर गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचा आणि पावतीवर वेगळा दाखवायचा. मासे, मटण, सुटी फळं यांच्या छोट्या पिशव्यांना सूट आहे, म्हणजे बांगड्याचा प्रश्नही मिटला. सुटाबुटातले गृहस्थ पाव, दूध आणि अंडी छातीशी कवटाळून भर पावसात गाडीकडे धावताना दिसतात. २२ सेंट द्यायचे नाहीत म्हणजे नाहीत!

आपला महाराष्ट्रातला कायदा याहून कितीतरी जहाल. २००५ च्या २६ जुलैला मुंबईच्या महापुरात पिशव्यांनी गटारं तुंबवली, तेव्हापासून आपण बंदीच घालतोय. २०१८ च्या बंदीत पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिने कैद. कागदावर गिऱ्हाईकही दोषी. प्रत्यक्षात पथक आलं की हात पडतो तो भाजीवाल्याच्या पाटीत. बदलापूर स्टेशनबाहेरचा एक भाजीवाला मला म्हणाला, “ताई, पिशवी नाय बोललो की गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर.” त्याचं काय चुकलं? दहाची कोथिंबीर, वर कढीपत्ता फुकट आणि त्यावर पिशवी, एवढा मान राखून घेणारं गिऱ्हाईक आयर्लंडमध्ये जन्मायचं आहे.

शेजारच्या उल्हासनगरचा मला जास्त राग येतो. जिथे गल्लोगल्ली जीन्स शिवली जाते, तिथे जाड कापडाची पिशवी दुकानादुकानात टांगलेली दिसायला हवी होती. हातात येते ती ‘कापडी’ म्हणून खपणारी नॉन-वोव्हन, म्हणजे पुन्हा प्लास्टिकच. पुढे ती वालधुनीत जाते. अंबरनाथच्या जवळपास हजार वर्षं जुन्या शिवमंदिराला वळसा घालून येणारी ही नदी. पावसाळ्यात तिच्या पुलाखाली पाण्यापेक्षा पिशव्याच जास्त.

गेल्या उन्हाळ्यात अंबरनाथची मावशी इथे आली होती. गल्ल्यावरच्या मुलीने पिशवीचे पैसे सांगितले, तशी मावशीने मनात गुणाकार केला. “वीस रुपये? पिशवीला?” बटाटे तिने सरळ ओढणीत बांधले. दुसऱ्या दिवसापासून घडी घातलेली पिशवी पर्समध्ये घेतल्याशिवाय ती घराबाहेर पडली नाही. परवा फोनवर मी तिला विचारलं, ती पिशवी आता बाजारात नेतेस ना? मावशी म्हणाली, “अगं, इथे कशाला? इथे देतात ना!”